३९ मिनिटं

सुरतेजवळच्या सचिनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नाही. सरासरी धरली तर बारा वाजून ३९ मिनिटांनी येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बारा बावीसलाच माथा गाठतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा त्रेपन्नपर्यंत लांबवतो. घड्याळाचे बारा आणि आभाळाचे बारा इथे वर्षातून एकदाही जुळत नाहीत. सुरतेत जुळत नाहीत, नवसारीत नाहीत, मुंबईतही नाहीत. या ३९ मिनिटांसाठी एकेकाळी हजारो गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते आणि एका महानगराच्या पालिकेने सरकारचं घड्याळ मानायला नकार दिला होता. ही हकीकत आता फारशी कोणी सांगत नाही. मला ती सांगावीशी वाटते, कारण माझी भाकरी घड्याळावरच होती.

मी टाइमकीपर होतो. मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. आमच्याकडची मुलं पोटासाठी ताप्ती लाइनची गाडी धरून उधन्याला उतरायची, तसाच मीही उतरलो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हा भाग आमच्या खानदेशी माणसांनी तेव्हाच भरून गेला होता. मी आणखी थोडा दक्षिणेला आलो. सचिन जीआयडीसीत कापड रंगवण्या-छापण्याच्या एका मिलच्या टाइम ऑफिसात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली एक अरुंद खोली. भिंतीवर घड्याळ, खाली पंचिंग मशीन, दोन्ही बाजूंना कार्डं खोचायच्या फळ्या. आत येणारा कामगार आपलं कार्ड उचलतो, मशीनच्या खाचेत घालतो, दांडा दाबतो. खट्ट आवाज होतो आणि कार्डावर वेळ उमटते. मशीनमध्ये दोन रंगांची रिबन असायची. वेळेत आलेल्याचा आकडा निळा, उशिरा आलेल्याचा लाल. महिनाअखेर मी मस्टर भरायला बसलो की लाल आकडे मोजायचे, खाडे मोजायचे आणि त्याप्रमाणे पगार कापायचा. पोरगं आजारी होतं, रिक्षा मिळाली नाही, फाटकात अडकलो, ही कारणं कार्डावर उमटत नाहीत. उमटतो तो फक्त रंग. मशीनचं घड्याळ मी रोज रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या पिपांशी ताडून बघायचो. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तर शंभर माणसांच्या पोटावर त्याचा भार पडतो, याची भीती मला शेवटपर्यंत वाटत राहिली. त्यातूनच प्रश्न पडला की हे घड्याळ मुळात कुणाचं?

टाइम ऑफिसच्या मागे मोकळी जमीन होती. पाऊस सरला की तिथे हातभर लांबीची सळई मी ओळंबा लावून रोवायचो आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखायचो. सकाळी सळईची सावली लांब, वर्तुळाच्या बाहेर पडलेली असते. सूर्य वर चढतो तशी ती आखडते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाच्या रेघेवर येतं. तिथे खडा ठेवायचा, वेळ टिपायची. दुपारी सावली पुन्हा वाढत जाऊन पलीकडच्या बाजूने रेघ ओलांडते, तिथे दुसरा खडा. दोन वेळांचा बरोबर मध्य म्हणजे त्या जागेची खरी माध्यान्ह. डिसेंबरात सकाळी १० वाजून ४७ मिनिटांनी सावली रेघेवर आली आणि दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी बाहेर पडली, तर मध्य निघतो १२ वाजून ३४ मिनिटं. दोन खड्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते, हा वरचा लाभ. ही युक्ती माझी नाही. सळईला शंकू म्हणतात आणि आपल्या ज्योतिषग्रंथांत ती शेकडो वर्षांपासून आहे. आमच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणदेवीला, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. म्हणजे ज्या मातीतून आम्ही हातमजुरीला आलो, त्याच मातीत एकेकाळी पोरांना सावलीवरून वेळ काढायला शिकवत असणार. मला याचा फार अभिमान वाटतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सचिनमध्ये दुपारी काही क्षण सळईची सावलीच पडत नाही, सूर्य नेमका डोक्यावर असतो. तेव्हा तिथे जमलेल्या पोरांना मी घड्याळ दाखवायचो. काटे साडेबाराच्याही पुढे गेलेले असत.

हिशेब सोपा आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेघ मिर्झापूरजवळून जाते. सचिन ७२.९ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य मिर्झापूरहून सचिनला यायला ३८-३९ मिनिटं घेतो. नकाशा उघडून बघितलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. मुरूडचा जंजिरा, मुंबई, दमण, नवसारी, सचिन, सुरत ही गावं जवळजवळ एका उभ्या रेघेत आहेत. सगळ्यांची दुपार एक-दीड मिनिटाच्या फरकाने एकाच वेळी होते.

जंजिऱ्याचं नाव मुद्दाम घेतलं, कारण सचिन हे संस्थान जन्मलं तेच जंजिऱ्यातून. सिद्दी घराण्यात गादीचा तंटा झाला. बाळू मियाँ म्हणजे सिद्दी अब्दुल करीम खान पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ६ जून १७९१ च्या तहाने त्यांनी जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना दिला आणि बदल्यात सुरतेजवळची ही गावं घेतली. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही, सिद्दींना सचिन मात्र मिळालं आणि नऊ तोफांच्या सलामीचं हे छोटंसं राज्य १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. कोकणच्या किनाऱ्यावरून हे घराणं सुरतेजवळ आलं, पण सूर्याच्या हिशेबाने ते जागचं फारसं हललंच नाही.

त्या काळी घड्याळाचा काटा नव्हता, घटका होती. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर तरंगत ठेवायचं. ते भरून बुडालं की घटका झाली, टोला द्यायचा. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या घड्याळ्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हे लोक फक्त घटका मोजून टोले देत आणि रात्री मध्येच जाग आलेल्याला कोणत्या प्रहरातली घटका ते कळत नसे. म्हणून घटकेच्या टोल्यांनंतर प्रहराचेही टोले द्या, असा हुकूम त्याने काढला. हुकूम बादशहाचा असला तरी सोय झोपेतून उठलेल्या माणसाची होती. वेळेबाबतचे पुढचे जे हुकूम मी वाचले, त्यांतला एकही मला असा वाटला नाही.

पुढचा हुकूम आला रेल्वेबरोबर. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजे आपल्या बी.बी.सी.आय.चा, पहिला तुकडा १८६० मध्ये अंकलेश्वर ते उत्राण असा सुरू झाला. उत्राण म्हणजे तापीपलीकडचं सुरतेचं दार. १८६४ पर्यंत रूळ मुंबईला पोचले. गाडी उत्तर-दक्षिण धावते तोवर अडचण नाही, कारण सुरत आणि मुंबई एकाच रेघेवर. पण पूर्वेकडे जाणारी गाडी प्रत्येक स्टेशनाला वेगळ्या वेळेच्या गावात शिरते. नुसतं सुरत ते भुसावळ घेतलं तरी १२ मिनिटांचा फरक. वेळापत्रक करायचं कसं? १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध आणि तिथे वेधशाळा. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. म्हणजे सचिन स्टेशनवर गाडी सूर्याच्या वेळेहून अर्धा तास पुढे असलेल्या घड्याळाने येणार. फलाटावर एक वेळ, फलाटाबाहेर शेतात दुसरी.

मद्रासच्या वेधशाळेतून रोज दुपारी चारला तारेवरून वेळेचा इशारा निघायचा आणि देशभरची घड्याळं त्यावर लावली जायची. रेल्वेच्या नियमांत दररोज १६ वाजता स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची हे कलम आजही आहे. सचिन स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसांशी बोलताना हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. मद्रास वेळ जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, तिचा दुपारचा चार मात्र टिकून राहिला.

रेल्वेची वेळ रेल्वेपुरती होती तोवर लोकांनी तक्रार केली नाही. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १ डिसेंबरपासून सगळ्या सरकारी कचेऱ्या मद्रास वेळेवर चालतील असा आदेश काढला. मुंबईकर बिथरले. गंमत अशी की या भांडणात मध्यभागी उभं होतं ते सुरतेच्या माणसाने बांधवलेलं घड्याळ. प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचे. त्यांनी आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाला मनोरा दिला, तोच १८७८ मध्ये पुरा झालेला २८० फुटांचा राजाबाई टॉवर. सांगतात की राजाबाई दृष्टिहीन होत्या, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत आणि टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे. ही कथा खरी असो नसो, तिच्यातली गरज खरी आहे. ज्याला सूर्यास्ताआधी जेवायचं आहे त्याला मद्रासचा सूर्यास्त कळून उपयोग काय? रात्री या घड्याळावर दिवे लावायचा खर्च सरकार देईल, पण घड्याळाने मद्रासची वेळ दाखवली तरच, अशी अट घातली गेली. विरोध इतका वाढला की १८८३ मध्ये सरकारला मद्रास वेळेचा आदेश मागे घ्यावा लागला. सुरतेचा स्वतःचा घड्याळाचा टॉवर याहून जुना, १८७१ चा. बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेला. तो राजमार्गावर अजून उभा आहे आणि मुंबईचा पाहून आलेल्या माणसाने तोही एकदा मान वर करून पाहावा.

यानंतरची गोष्ट कामगारांची आहे आणि ती मला सगळ्यांत जवळची.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला काम सूर्यावर चालायचं. उजाडलं की यंत्रं सुरू, अंधारलं की बंद, कारण तेलाच्या दिव्यांत आगीची भीती. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस लांबला की पाळीही लांबायची. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या किती साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं, पगार वेळेवर मिळावा, अपघात झाला तर भरपाई मिळावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. बाकीच्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या. या निवेदनात एक मागणी घड्याळाची आणि एक सूर्याची आहे. साडेसहाला सुरुवात, सूर्यास्ताला शेवट. लोखंड्यांना दोन्हींचा अर्थ नीट ठाऊक होता. सूर्यास्त मालकाला पुढे ढकलता येत नाही.

मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता अंधाराचं बंधन उरलं नाही. तेरा-तेरा, चौदा-चौदा तास यंत्रं फिरायला लागली आणि कामगार आधीच चिडलेले होते. नेमकं त्याच वर्षी १ जुलैला रेल्वे आणि तारखात्याने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची नवी प्रमाणवेळ घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती मुंबईत सर्वत्र लागू करायचं ठरलं. वर्ष बंगालच्या फाळणीचं. सरकार जे करेल त्यात डाव आहे असं लोकांना वाटत होतं आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

आता टाइमकीपरच्या नजरेने हिशेब मांडतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाने सात वाजून दहा-बारा मिनिटांनी. मुंबई टाइममध्ये तेच साडेसहा. म्हणजे साडेसहाची पाळी उगवत्या सूर्याबरोबर लागत होती. घड्याळ ३९ मिनिटं पुढे ढकललं आणि गेटवरचा आकडा साडेसहाच ठेवला, तर कामगाराने सूर्योदयाच्या चाळीस मिनिटं आधी, अंधारात गेटवर हजर व्हायचं. त्याच्या बायकोने भाकरी थापायला त्याहून तासभर आधी उठायचं. चाळीत नळाची रांग त्याआधी. घड्याळाने कुणाचं कामाचं मिनिट वाढवलं नाही असं कागदावर दाखवता येतं. पण झोपेतली ३९ मिनिटं गेली, थंडीच्या दिवसांतली, आणि ती कुणाच्या मस्टरवर मांडली गेली नाहीत.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कित्येक हजार गिरणी कामगारांनी मागावर हात ठेवायला नकार दिला. दगडफेक झाली. अस्वस्थता गिरण्यांतून शहरात पोचली आणि पंधरा हजारांवर लोकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. पुढे काही लेखकांनी या लोकांना सुधारणेला भिणारे, अडाणी असं रंगवलं. मला ते मान्य नाही. ज्याला घड्याळ परवडत नव्हतं त्या माणसाने रोज पहाटे आभाळ बघून वेळ ओळखली होती आणि नव्या वेळेतली खोट त्याला सगळ्यांआधी दिसली. महापालिकेत सर फिरोजशहा मेहता यांनी मुद्दा लावून धरला की सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलंच नाही. पालिकेने आपली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवली. क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळात एक वेळ, स्टेशनात दुसरी. हे एक-दोन वर्षं नाही, स्वातंत्र्य मिळून पन्नाशीचं दशक उजाडेपर्यंत चाललं. जुन्या लग्नपत्रिका बघा, मुहूर्तापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ छापलेलं दिसेल. स्टँडर्ड टाइम. ते छापलं नाही तर अर्धे वऱ्हाडी अक्षता पडून गेल्यावर पोचायचे. गोरज मुहूर्ताला मात्र त्याची गरज नसे, गुरं घरी परतताना उडणारी धूळ कुणालाही दिसते.

मुंबई टाइम म्हणजे तसा सचिन टाइमच, फरक सेकंदांचा. या पट्ट्यातल्या माणसाला ती वेळ कधीच परकी वाटली नसणार.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक ताण बसला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं. म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. आमच्या गावची जुनी माणसं त्याला ‘लढाईचा टाइम’ म्हणायची. त्या तीन वर्षांत सचिनची माध्यान्ह १ वाजून ३९ मिनिटांनी होत होती. इतकं ताणलेलं घड्याळ आजही एका देशात रोजचं आहे, म्हणून त्याचं उदाहरण देतो. आइसलंड युरोपच्या पार वायव्येला, आर्क्टिक वर्तुळाला टेकलेला. त्याने १९६८ मध्ये वर्षभर ग्रिनिचची वेळ धरली. पण त्याची राजधानी रेक्याविक ग्रिनिचच्या २२ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथली माध्यान्ह सरासरी १ वाजून २८ मिनिटांनी येते. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतो सकाळी सव्वाअकराच्या पुढे आणि साडेतीनला मावळतो. मुलं शाळेत अंधारात जातात, दोन तास शिकून झाल्यावर खिडकीत उजेड येतो. घड्याळ तासभर मागे घ्यावं की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. त्यात पोरांच्या झोपेचा मुद्दा डॉक्टरांनी मांडला, सरकारने लोकांची मतं मागवली. शेवटी आहे ती वेळ ठेवायचं ठरलं. मला निर्णयापेक्षा विचारणा मोलाची वाटते. फिरोजशहा मेहता १९०६ मध्ये तीच तर मागत होते.

आपल्याकडेही आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. तिथे सूर्य लवकर उगवतो, मग मजूर लवकर कामाला लागतात आणि उजेड आहे तोवर मोकळे होतात. देशाचे दोन टाइमझोन करावेत असं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सुचवलं. आपली प्रमाणवेळ तीच संस्था अणुघड्याळांवर सांभाळते. त्यांचा रोख ईशान्येकडे होता. पश्चिम किनाऱ्याची ३९ मिनिटं त्या चर्चेत नव्हती आणि असावीत असा माझाही हट्ट नाही. मला दोन घड्याळं नकोत. रेल्वे, बँक, परीक्षा, सगळ्यांचा घोळ होईल. माझं म्हणणं पाळीच्या वेळेपुरतं आहे.

सचिनचे कारखाने आज अर्ध्या हिंदुस्थानच्या माणसांवर चालतात. गंजामचे ओडिया कारागीर लूमवर, बिहार-उत्तर प्रदेशचे रंगखात्यात, आमचे खानदेशी सगळीकडे. लूमच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, सात ते सात. जानेवारीच्या मध्यात गंजाममध्ये सूर्य साडेसहाच्या आत उगवतो. सचिनमध्ये सात वीसला. देश एक, घड्याळ एक, पण गावाकडे उजाडल्यावर शेतात जाणारा तोच माणूस इथे काळोखात सायकल हाणत येतो. नवीन आलेले ओडिया पोरगे पहिल्या थंडीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायचे, की घड्याळ बरोबर आहे ना? पहिल्या महिन्यात त्यांचीच कार्डं लाल व्हायची. त्यांचं अंग अजून गंजामच्या सूर्यावर चालत असायचं आणि इथे सात वाजता अंग म्हणायचं, अजून रात्र आहे. बरोबरच म्हणायचं.

ज्यांना सूर्यचंद्र सोडून चालत नाही ते आपली सोय करून घेतात. रमजानमध्ये रंगखात्याचे कामगार इफ्तारची वेळ सुरतेच्या तक्त्यावरच बघणार, गावची वेळ फोनवर ऐकून रोजा सोडणार नाहीत. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यात संकष्टीला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात. माझ्या घरची मंडळी लग्नानंतरची पहिली काही वर्षं माहेरच्या सवयीने जळगावची वेळ बघून नैवेद्य मांडायची आणि गच्चीवर थांबून राहायची. चंद्र इथे जळगावहून अकरा-बारा मिनिटं उशिरा दिसतो. मग ती मुंबईची ओळ बघायला लागली आणि हिशेब जवळपास बसला. धर्माच्या कामात माणसाला आपल्या जागेचा सूर्य, आपल्या जागेचा चंद्र मिळतो. पोटाच्या कामात का मिळू नये?

थंडीचे चार महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवसपाळी आठला लावा, असं मी आमच्या मिलमध्ये लेखी दिलं होतं. ते मानलं गेलं नाही, कारण दिलं की शेजारच्या लूमची पाळी सातची आहे, माल अडेल. पुढे मी आकडे जोडून पुन्हा दिलं: थंडीत पहिल्या तासात लाल कार्डं किती, मे महिन्यात किती. काही खात्यांत साडेसातची पाळी झाली, काहींत नाही. जिथे झाली तिथे लाल आकडे उतरले, हे मस्टरच सांगत होतं.

लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेले साडेसहा मुंबई टाइमचे होते. आजच्या घड्याळात ते सात वाजून नऊ मिनिटं होतात. सचिनच्या लूमवर सातला पंच करणारा कामगार त्या मागणीच्याही नऊ मिनिटं आधी उभा असतो आणि जानेवारीत संध्याकाळी सातला सुटतो तेव्हा सूर्य मावळून पाऊण तास झालेला असतो. पाळी आठला लावायला दिल्लीची परवानगी लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही, अणुघड्याळाला हात लावावा लागत नाही. गेटवरची पाटी आणि पंचिंग मशीनची रिबन कोणत्या मिनिटाला लाल व्हावी याची एक किल्ली, एवढंच फिरवायचं असतं. ती किल्ली टाइमकीपरच्या खणात असते आणि फिरवायचा अधिकार शेठजींकडे असतो.